कात्रीचा शुक्रवारचा सल्ला

माझ्या धाकट्या भावाला सगळे कात्री म्हणतात. खरं नाव विचारू नका, त्या नावाला तो स्वतःच आता ओ देत नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्या घरी येतो आणि लोकांच्या टीममधले खेळाडू कापतो, म्हणून कात्री. "ह्याला काढा. त्याला बसवा. आणि हा कशाला ठेवलाय, शोभेला?" असं एकदा सुरू झालं की पोटं सुटलेली, नातवंडं असलेली माणसं छडी खाल्ल्यासारखी मान खाली घालतात आणि मोबाइलवर बोटं फिरवायला लागतात. माझ्याच घरात, माझ्याच खुर्च्यांवर बसून, माझाच चहा पिऊन.

ज्यांना हे खूळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ह्याला फँटसी फुटबॉल म्हणतात. खरे खेळाडू मैदानावर खेळतात आणि आपण घरी बसून त्यांच्यातलेच निवडून मोबाइलमध्ये आपली एक टीम करायची. अकरा खेळणारे, चार बाकावर. आपल्या खेळाडूने खऱ्या सामन्यात गोल केला की आपल्याला गुण. तो लंगडला, रुसला, त्याला खेळवलंच नाही, तर भोपळा. म्हणून दर आठवड्याला पहिला सामना सुरू व्हायच्या आत ठरवायचं, कुणाला नव्याने उचलायचं, कुणाला बाकावर बसवायचं आणि कुणाला नारळ द्यायचा. सामना सुरू झाला की कुलूप. मग बसा कपाळ बडवत.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "म्हणजे घाम गाळायचा दुसऱ्याने आणि भांडायचं तुम्ही."

"बरोबर समजलीस," हे म्हणाले.

हे म्हणजे माझा नवरा. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. अख्खं आयुष्य त्या उभ्या अंधाऱ्या खोक्यात तारांना लटकून काढलं. हाताला ग्रीसचा वास इतका मुरलेला की साबण थकायचा. आणि स्वभाव असा की घरातली एक वस्तू फेकू द्यायची नाही. मिक्सर, टेबलफॅन, माझी इस्त्री, सगळ्यांचे पुनर्जन्म झालेत. "चालतंय ना? मग राहू दे." टीमचंही तेच. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना क्लबांनी विकून टाकलं, ज्यांचं नाव घेतलं की लोक म्हणतात, अरे, हा अजून खेळतो का? ते सगळे ह्यांच्या टीममध्ये सुखाने नांदत होते.

त्यात एक गोलकीपर होता. त्याला आम्ही नुसतं म्हातारा म्हणायचो. दुसऱ्या कुठल्याशा शहराच्या क्लबचा, डोक्यावर केस नाहीत, उडी मारली की खाली येताना जास्त वेळ लागायचा. कात्रीचा शुक्रवार खऱ्या अर्थाने सुरू व्हायचा तो म्हाताऱ्यापासून.

"भाऊजी, हा गोलकीपर आहे की गेटवरचा वॉचमन? बॉल आला की बाजूला सरकून वाट देतो."

"अरे, पण हात बघ त्याचे. केवढे मोठे आहेत. भरवशाचा वाटतो."

"मग फोटो लावा भिंतीवर. टीममधून काढा."

"बघतो पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात परत तेच. हे काही काढायचे नाहीत आणि कात्री काही बोलायचा थांबायचा नाही. एकदा सगळे गेल्यावर मी ह्यांना चांगलंच सुनावलं. म्हटलं, तो एवढा जीव तोडून सांगतो, तुम्ही एक अक्षर ऐकत नाही, दरवर्षी शेवटून पहिले येता, शोभतं का? तर कप उचलता उचलता म्हणाले, "त्याला ओरडायला काहीतरी नको का? आठवडाभर बिचारा मुका असतो."

हे समजायला कात्रीचं काम काय ते सांगायला हवं. तो स्कॅन सेंटरमध्ये मशीन चालवतो. लोक येतात, त्या सरकत्या फळीवर झोपतात, मशीनच्या गोल तोंडात जातात. हा काचेमागे बसून माइकवर म्हणतो, "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." समोरच्या पडद्यावर माणसाचं आतलं सगळं दिसतं. इतकी वर्षं बघून बघून त्याला चांगलं काय, वाईट काय, लगेच कळतं. पण सांगायचा अधिकार त्याचा नाही. रिपोर्ट डॉक्टर लिहितात आणि डॉक्टरच सांगतात. माणूस फळीवरून उतरतो, चपला शोधतो आणि हमखास विचारतो, "कसं आहे हो?" प्रत्येक जण विचारतो. मोठे साहेब विचारतात, म्हाताऱ्या बायका हात धरून विचारतात. आणि कात्री प्रत्येकाला एकच वाक्य एकाच आवाजात सांगतो, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

नोकरी लागली तेव्हा तो आरशासमोर उभा राहून मख्ख चेहऱ्याची तालीम करायचा. आई घाबरली होती. मला म्हणाली, "ह्याच्याकडे बघ गं जरा, तासन्‌तास भिंतीसारखा उभा असतो." मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, "ताई, वाईट दिसलं तर तोंड पाडायचं नाही, हे कुणालाही समजतं. पण चांगलं दिसलं तरी हसायचं नाही. आज एकाला हसलो, तर उद्या ज्याला हसणार नाही त्याला कळेल ना." तेव्हा तो जेमतेम मिशी फुटलेला मुलगा होता. मला त्याचा अभिमानही वाटला आणि कीवही आली.

तर असा आठवडाभर ताकास तूर लागू न देणारा माणूस शुक्रवारी माझ्या दारात चपला काढायचा आणि त्याची जीभ सुटायची. संसार केला नाही, मित्र फारसे नाहीत, जे होतं ते हेच. आमच्यात शिंपीकाका होते, ते वर्षानुवर्षं एकाच क्लबचे खेळाडू घ्यायचे, कारण त्यांच्या जर्सीची शिलाई चांगली. कात्री म्हणायचा, "काका, बॉल अडवायचाय, कापड विकायचं नाहीये." दुसरी चष्मेवाली, कोपऱ्यावर तिचं चष्म्याचं दुकान. ती हुशार होती, पण देखणा खेळाडू दिसला की तिची अक्कल गहाण पडायची. "तुमचा नंबर तपासून घ्या एकदा," हे कात्रीचं तिला दर आठवड्याचं. आणि मी. मी ड्रायक्लीनच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर लोकांचे डाग बघते आणि "हा आधीपासूनच होता" हे त्यांना पटवून देते, त्यामुळे माझंही तोंड काही कमी चालत नाही. मी खेळत नव्हते. मी चहा द्यायचे आणि मध्ये मध्ये तेल ओतायचे.

एकाच शुक्रवारी कात्री वेगळा वागला होता, आणि ते मला सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आमच्या शहराच्या क्लबला एक डावखुरा होता. पोरगा म्हणजे वीज. सगळ्यांच्या टीममध्ये तो होता, कात्रीच्या स्वतःच्याही. एका सामन्यात तो पाय धरून खाली बसला. क्लबने सांगितलं, किरकोळ मुरगळलंय. पण शिंपीकाकांच्या ओळखीतल्या कुणीतरी त्याला कात्रीच्या सेंटरमध्ये मागच्या दाराने शिरताना पाहिलं. झालं! शुक्रवारी सगळे तासभर आधीच हजर.

"सांग रे. काढू का ठेवू?"

कात्री चहाच्या कपाकडे बघत होता. म्हणाला, "असू दे. आहे तसं ठेवा."

"म्हणजे बरा आहे?" चष्मेवालीने विचारलं.

"आहे तसं ठेवा म्हटलं ना."

त्या दिवशी एकाही खेळाडूला शिवी नाही, एक विनोद नाही. म्हाताऱ्यालासुद्धा काही बोलला नाही. लवकर उठून गेला. सगळ्यांनी आनंदाने डावखुऱ्याला ठेवलं, आणि पुढच्या महिन्यात क्लबने सांगून टाकलं की त्याचा गुडघा पार गेलाय, तो आता खेळणार नाही. सगळ्यांचं वर्ष पाण्यात. शिंपीकाका भडकले. "तुला माहीत होतं! तू बघितलं होतंस!"

"बघितलं होतं."

"मग काढा म्हणायचं होतंस!"

"काढा म्हटलं असतं तर ते सांगितल्यासारखंच झालं असतं, काका. मी माझ्याही टीममध्ये ठेवला होता त्याला. बघा." आणि त्याने मोबाइल पुढे केला. डावखुरा तिथे होता, नावाशेजारी जायबंदीची लाल खूण घेऊन. कात्री त्या वर्षी ह्यांच्याही खाली गेला होता. माणसाने खेळातसुद्धा आपल्याला जे दिसलं ते वापरलं नाही. चष्मेवाली म्हणाली, "वेडा आहेस." ह्यांनी मात्र त्याच्या पाठीवर थाप मारली. पण सगळ्यांच्या मनात एक गोष्ट जाऊन बसली, की कात्री शिव्या देतो तोवर ठीक. तो 'आहे तसं ठेवा' म्हणाला की समजायचं.

त्याला स्वतःला हे कधी लक्षातच आलं नाही. चेहऱ्याचा एवढा अभ्यास केलेला माणूस, पण आपली जीभ आपल्याला उघडं पाडते हे त्याच्या गावीही नव्हतं.

पुढच्या वर्षी ह्यांना बरगडीखाली दुखायला लागलं. आधी म्हणाले, तारा ओढल्याने लचक भरली असेल. मग जेवण कमी झालं. पट्ट्याला स्वतःच खिळा आणि हातोडी घेऊन नवीन भोक पाडलं, आणि महिन्याने आणखी एक. ते दुसरं भोक बघितलं त्याच दिवशी मी दुकानात रजा टाकली. मी त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी स्कॅन सांगितला. शहरात सेंटर ते एकच आणि दिवसपाळीला मशीनवर एकच माणूस.

बुधवारी आम्ही गेलो. कात्री बाहेर आला, ह्यांना म्हणाला, "पट्टा, घड्याळ, सगळं काढून ठेवा." हे म्हणाले, "हिला आणखी भाऊ नाहीत म्हणून बरं, नाहीतर अजून किती मेव्हण्यांसमोर कपडे काढावे लागले असते देव जाणे." कात्री हसला. मी बाहेरच्या बाकावर बसले. दार लागलं. आतून त्याचा माइकवरचा आवाज येत होता, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. मग थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

हे बाहेर आले, शर्टाची बटणं लावत. मागून कात्री. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. भिंत. भिंतीवर निदान पाल तरी फिरते.

"कसं आहे?" मी विचारलं.

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील, ताई."

"अरे, मी विचारतेय. मी!"

"रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर बाहेरगावी आहेत. सोमवारी मिळेल."

ह्यांना घेऊन मी निघाले. पण घरी येऊन त्याला फोन लावला. म्हटलं, तुझी नियमावली तुझ्या पेशंटांना. हा माझा नवरा आहे. लहानपणी तुला कडेवर घेऊन फिरले, तुझ्या तापात रात्र रात्र जागले, त्याची ही परतफेड? फक्त हो की नाही एवढं सांग. तो गप्प. मी रडले. तो गप्प. मग मी त्याला नको नको ते बोलले. म्हणाले, दगडाला पाझर फुटेल पण तुला नाही, तू माणूस राहिलेलाच नाहीस, त्या मशीनचाच एक भाग झालायस. तो म्हणाला, "ताई, सोमवार येऊ दे," आणि फोन ठेवला. गुरुवारी दुकानात एका गिऱ्हाइकाचा कोट मी चुकीच्या टांगणीवर लावला, आणि तो भांडायला आला तेव्हा त्याच्यावरच ओरडले. डोकं ठिकाणावर नव्हतं.

शुक्रवार आला. मला वाटलं, आज तो येणार नाही. पण आला. नेहमीच्या वेळी, नेहमीसारख्या चपला काढून. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चहाचा कप त्याच्यासमोर आपटला, निम्मा बशीत सांडला. हे म्हणाले, "अगं, जरा सांभाळून."

कात्रीने शिंपीकाकांपासून सुरुवात केली. चांगला झोडला त्यांना. मग चष्मेवाली. तिने कुणी नवा कुरळ्या केसांचा उचलला होता, त्याच्यावरून तिची यथेच्छ टर उडवली. खोलीत हशा झाला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बघ कसा खिदळतोय, म्हणजे काही नसणार. काही वाईट असतं तर असा हसला असता का? माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग ह्यांची पाळी आली. हे आधीच गालात हसत सरसावून बसले. कारण त्या आठवड्यात मजाच होती. म्हाताऱ्याचं बोट मोडलं होतं. बातम्यांत आलं होतं, पेपरात फोटो होता, हाताला पांढरं गाठोडं. तो खेळणार नव्हता हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि हे त्याला ठेवून बसले होते, मुद्दाम, कात्रीने भडकावं म्हणून.

"बघ बाबा," मोबाइल पुढे करत हे म्हणाले. "कर सुरू."

कात्रीने मोबाइल हातात घेतला. वरून खालपर्यंत बघितलं. परत वर गेला. खोलीत सगळे हसायच्या तयारीत होते. शिंपीकाकांनी तर कप खाली ठेवला होता, ठसका लागू नये म्हणून.

"असू दे, भाऊजी," कात्री म्हणाला. "छान आहे. आहे तसं ठेवा."

चष्मेवालीने माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर खाली घातली. शिंपीकाका बशीवरून बोट फिरवत राहिले. ह्यांच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळ्यांतलं गेलं होतं. कात्रीचा चेहरा तर काय, भिंतच होती. त्याला वाटत होतं, आपण काहीच बोललो नाही. मग त्याने आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि त्याला कळलं.

दोन दिवस मी त्याच्या मागे लागले होते, सांग सांग म्हणून. आता त्याने सांगितलं होतं, आणि मला वाटत होतं, कुणीतरी हे शब्द परत त्याच्या घशात घालावेत.

ह्यांनीच सावरलं. हात पुढे करून मोबाइल घेतला आणि म्हणाले, "ठेवा काय ठेवा? ह्याचं बोट मोडलंय, गाढवा. पेपर वाचत नाहीस का?" आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी म्हाताऱ्याला स्वतः बाकावर बसवलं. बाकावरचा दुसरा कुणी पोरगा गोलमध्ये उभा केला. "शिंपीकाका, बघा, झाला का बदल? मला ह्या मोबाइलचं काही समजत नाही." शिंपीकाका म्हणाले, "झाला, झाला." त्यांनी मोबाइलकडे बघितलंही नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. यकृत, आजूबाजूचं, कुठवर पसरलंय, काय करता येईल आणि काय नाही. कागदावर चित्र काढून दाखवलं. आम्ही दोघं आत्ताच, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड करून बसलो होतो. मी मध्येच "म्हणजे काय, डॉक्टर?" असंही विचारलं. कारण आम्हाला आधी कळलंय असा नुसता संशय आला असता तरी कात्रीची नोकरी गेली असती. हे तर नाटकात काम केल्यासारखे दचकले. मग खरंच त्यांना घाम आला.

बाहेर पॅसेजमध्ये कात्री मशीनच्या खोलीच्या दाराशी उभा होता. तो काही बोलायच्या आत हे म्हणाले, "चेहरा पक्का आहे रे तुझा. जीभ कच्ची."

"भाऊजी, मी..."

"गप्प. ऐक. इथून पुढे दर शुक्रवारी मला झोडायचं. पूर्वीपेक्षा जास्त. काहीही झालं, मी कसाही दिसलो तरी. एका आठवड्यालासुद्धा सोडलंस ना, तर तुझ्या सेंटरची लिफ्ट बंद पाडून ठेवीन."

कात्री मान हलवत राहिला.

पहिल्या शुक्रवारी त्याने प्रयत्न केला, पण जमलं नाही. "हा... हा कशाला ठेवलाय..." म्हणाला आणि अडकला. हे म्हणाले, "परत. नीट. मनापासून." अक्षरशः तालीम घेतली त्याची. पोटात दुखत असताना, तोंडाची चव गेलेली असताना, उशीला टेकून माझा नवरा माझ्या भावाला शिव्या द्यायला शिकवत होता. "नुसतं जोरात बोलून होत नाही. आधी माझ्याकडे बघ, मग टीमकडे, मग उसासा टाक. तू पूर्वी उसासा टाकायचास." हळूहळू तो तयार झाला. पलंग आम्ही पुढच्या खोलीत आणला होता. म्हाताऱ्याचं बोट बरं झालं आणि हे लगेच त्याला परत आत घेऊन बसले. कात्री म्हणायचा, "भाऊजी, ही टीम आहे की प्रतीक्षालय?" हे डोळे मिटून म्हणायचे, "आवाज चढव. ऐकू येत नाही." सगळे हसायचे. मग कात्री पाणी प्यायच्या निमित्ताने आत यायचा आणि नळ मोठा सोडून ओट्याला धरून उभा राहायचा. मी तेव्हा आत जात नसे. तोंड पुसून बाहेर आला की पुढच्याची टीम हातात घ्यायचा.

शेवटच्या शुक्रवारी हे बोलत नव्हते. कात्रीने पलंगाशी वाकून, कानाजवळ, टीममधल्या प्रत्येकाचा उद्धार केला. अकराच्या अकरा, आणि बाकावरचे चारही. एकही शब्द चुकला नाही, आवाज हलला नाही. ह्यांचा अंगठा माझ्या हातात होता, तो दोनदा हलला. रविवारी हे गेले.

मला वाटलं होतं, आता हे शुक्रवार बंद होतील. पण माणसं येत राहिली, आणि घर इतकं गप्प झालं होतं की मीच चहाचं आधण जास्तीचं ठेवायला लागले. ह्यांची टीम माझ्याकडे आली. मी त्यातलं काही बदललं नाही. म्हाताऱ्याने तर निवृत्ती घेतली. मोबाइलमध्ये त्याच्या नावावर राखाडी पट्टी आलीय. कात्री दर आठवड्याला म्हणतो, "ताई, तो आता घरी झाडांना पाणी घालत बसलाय. तू गोलकीपरशिवाय खेळतेयस. काढ त्याला."

"राहू दे. तुझं काय जातंय?"

"लाज जातेय माझी. लोक विचारतात, ही बाई कुणाची कोण?"

मला बरं वाटतं ते ऐकून. खोटं कशाला बोलू?

ह्या हिवाळ्यात माझा खोकला जाईना. दुकानातल्या ड्रायक्लीनच्या औषधांच्या वासाने असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागायला लागलं. डॉक्टरांनी छातीचा स्कॅन सांगितला. ह्या बुधवारी मी गेले. कात्रीने दार उघडलं. बांगड्या, साखळी काढून द्यायला सांगितल्या. फळीवर झोपले, ती आत सरकली आणि माइकवर आवाज आला, "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." माझा सख्खा धाकटा भाऊ मला 'घ्या' म्हणाला. आजवर कधी म्हणाला नव्हता. मग थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

उतरले, चपला शोधल्या. मी काही विचारलं नाही. तरी तोच म्हणाला, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील, ताई."

"मी विचारलं का?"

काल शुक्रवार होता. शिंपीकाका झाले, चष्मेवाली झाली. मग त्याने माझा मोबाइल घेतला. मी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसले होते. चष्मेवाली आणि शिंपीकाका दोघंही त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्यांनाही माहीत होतं, मी कुठे जाऊन आलेय ते. कात्रीने आधी माझ्याकडे बघितलं, मग टीमकडे, मग उसासा टाकला.

"ताई, अगं काय हे? ही टीम आहे की वस्तुसंग्रहालय? हा म्हातारा घरी बसून पेन्शन खातोय, आणि तू त्याला गोलमध्ये उभा केलायस! काढ. आत्ताच्या आत्ता काढ. ह्याला बसव, त्याला हाकल, आणि हा मधला, हा तर मला वाटतं मागच्याच महिन्यात वारला."

शिंपीकाका जोरात हसले. चष्मेवालीने सुटकेचा श्वास सोडला आणि माझ्या हातावर हात ठेवला. मीही हसले. इतकं झकास तो कधीच बोलला नव्हता. आवाज, उसासा, सगळं जागच्या जागी.

ह्यांनीच शिकवलं होतं ना त्याला.

सगळे गेल्यावर तो दारात चपला घालत राहिला, बराच वेळ. मी म्हटलं, "नीट जा." तो म्हणाला, "गोलकीपर बदल, ताई." मी म्हटलं, "बघते पुढच्या आठवड्यात." तो जिना उतरून गेला आणि मी कप धुवायला घेतले.

सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. मागच्या वेळी काही माहीत नसल्याचं नाटक करायला लागलं होतं. ह्या वेळी ते लागणार नाही.